परतवाड्याच्या गॅरेजचा अनुभव, ब्रेक पेडल स्पंजी झालतं

चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल पार खाली जायला लागलं, दोनदा पंप मारला की जरासं टाईट व्हायचं, बाप्पा, जीव मुठीत धरून खाली आलो. आधी एका गॅरेजवाल्याने पॅड बदलून पैसे घेतले होते, फरक शून्य.

इथल्या मिस्त्रीभाऊनं मात्र काही खोलायच्या आधी पेडल दाबून ठेवलं, म्हणे हळूहळू खाली सरकलं असतं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा पंप) खराब, पण हे नुसतं मऊ आहे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाईनीत हवा. लीक नव्हतं, होज (रबरी नळ्या) फुगत नव्हते, पण ऑइल चहासारखं काळं! हे ऑइल हवेतला ओलावा पितं म्हणून 2 वर्षांत बदलायचंच, डॉट 4 प्रकारचं ऑइल नवं असताना निदान 230 डिग्रीला उकळतं अन् पाणी मुरलं की 155 पर्यंत येऊ शकतं, घाटात तेच नडतं.

मग हवा काढायला पोट्टा पेडलवर, भाऊ चाकाजवळच्या निपलवर (हवा सोडायचा स्क्रू), मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, पारदर्शक नळीत बुडबुडे मलेबी दिसले. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. दीड तास लागला, बसायला जागा नाही, ऊन लय. पण पेडल आता दगडासारखं.