केडन्स सेन्सर, ३४ची कॅसेट आणि घाटाचा उतार: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आमच्या सायकलिंग ग्रुपमध्ये बऱ्याच जणींनी विचारलं होतं की केडन्स सेन्सर (केडन्स म्हणजे पायडलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, आरपीएम) घ्यावा का, स्पीड वाढतो का, म्हणून सविस्तर लिहितेय. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता उन्हाळा लागलाय, म्हणजे चिखल, थंडी, धूळ सगळं झालंय. माझी सायकल साधी ॲल्युमिनियमची रोड बाइक, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आधी ११ ते २८ दात्यांची होती ती बदलून ११-३४ टाकली, टायर २८ मिमी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं धरून वजन साधारण ७५ किलो. राइड्स मुख्यतः सिंहगड, बोपदेव, जुना कात्रज, आणि सुट्टी मिळाली की वाईवरून पसरणी.

आधी सेन्सरचं सांगते कारण ते पटकन संपतं. क्रँकच्या (पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या) आतल्या बाजूला रबरी पट्ट्याने बांधायचा, चुंबक वगैरे लागत नाही, आत सीआर२०३२ सेल असतो जो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. पायडल मिनिटाला किती वेळा फिरतंय ते मोबाइलवर किंवा हँडलवरच्या सायकल कम्प्युटरवर दिसतं, बस. एक सेटिंग मात्र पहिल्या दिवशीच बघा, सरासरी काढताना शून्य धरायचं की नाही ते. घाट उतरताना पाय थांबलेले असतात, ते शून्य धरलं की सरासरी एकदम ५०-५५ दिसते आणि माणूस उगाच घाबरतो की आपण इतके हळू पायडल मारतो का. शून्य बंद करून ठेवा. पावसाळ्यात सेलच्या झाकणाखाली ओल जाते, राइडनंतर उघडून पुसून कोरडं केलं तर काही होत नाही.

आता खरा फायदा. सेन्सर लावेपर्यंत मला वाटायचं मी चढावर ७०-७५ ने फिरवते, प्रत्यक्षात सिंहगडाच्या मधल्या टप्प्यात ५५-५८ दिसत होतं आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायचं ते का हे तिथेच कळलं. हिशोब सोपा आहे. ताकद म्हणजे पायाचा जोर गुणिले फिरवायचा वेग. समजा १५० वॅट लागतायत, ६० आरपीएमला १७० मिमीच्या क्रँकवर सरासरी १४ किलोच्या आसपास जोर सतत द्यावा लागतो, ९० ला तोच साडेनऊ. काम तेवढंच, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर येणारा भार एक तृतीयांशाने कमी. त्याबदल्यात श्वास आणि हार्ट रेट थोडा वर जातो, हे खरं आहे आणि पहिले काही आठवडे ते जाणवतं, दम लागल्यासारखं होतं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना चढताना पाय भरलेले नसतात.

पण नुसता सेन्सर लावून केडन्स वाढत नाही हो, गिअर लागतो. सात टक्क्यांच्या चढावर मी ताशी ९ किमीच्या आसपास जाते. ३४/२८ मध्ये (पुढे ३४, मागे २८ दाते) त्या स्पीडला केडन्स ५८ येतो, ३४/३४ मध्ये ७०. एवढाच फरक, आणि हा फरक पैसे वसूल आहे. कॅसेट बदलण्याआधी मेकॅनिकला मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ३४ दाते घेतो का हे नक्की विचारा, छोट्या केजवाल्याला बहुतेक वेळा जमत नाही, आणि चेनही लांब घ्यावी लागू शकते. सपाटीवर मी आता ८५-९० ला असते, हिंजवडी-बाणेर बाजूला सिग्नलला थांबून परत निघताना हलक्या गिअरवर सुटायची सवय लागली ती पण ह्याच्यामुळेच.

इथपर्यंत सगळं चांगलं. आता उतार, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

ग्रुपमधली काही पोरं उतारावर केडन्सचा रेकॉर्ड बघतात, ११०, १२०, स्क्रीनशॉट टाकतात. मी ह्याचं गणित करून बघितलं. ५०/११ गिअरला ९० आरपीएम म्हणजे ताशी ५२ किमी, ११० म्हणजे ६४. पण सात टक्क्यांच्या सरळ उतारावर माझ्या वजनाला नुसतं बसून राहिलं तरी हवेचा रोध आणि उतार यांची बरोबरी साठच्या आसपास होते. तिथे अजून दीडशे वॅट ओतले तरी चार-पाच किमी वाढतात, कारण हवेवर खर्च होणारी ताकद स्पीडच्या घनाच्या हिशोबात वाढते. आणि त्या चार-पाच किमीसाठी तुम्ही सीटवर उड्या मारताय, हँडल हलतंय, लक्ष पायात आहे आणि समोर वळण येतंय. आमच्या ग्रुपमधले एक काका आहेत, साठी ओलांडलेली, आमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून घाट करतायत, ते पहिल्याच राइडला म्हणाले होते, "पोरी, उतरताना पाय मोजू नकोस, वळण बघ." मला हे शंभर टक्के पटलंय. पन्नासच्या वर मी पायडल मारत नाही. तीस-चाळीसच्या पट्ट्यात, वळणं सुटसुटीत असतील तर हलके फिरवत राहते, जोर न लावता, त्याने थंडीत पाय आखडत नाहीत आणि गिअर कुठला आहे ते पायाला कळत राहतं. सेन्सरचा उतारावर उपयोग एवढाच, की वळणाच्या आधी गिअर असा टाकून ठेवायचा की बाहेर पडल्यावर ८०-८५ ने सहज उचलता येईल. ५०/११ मध्ये अडकून हेअरपिनमधून (घाटातल्या उलट फिरणाऱ्या वळणातून) बाहेर आलात की सायकल डगमगते आणि मागून येणारा टेम्पो हॉर्न देतो.

ब्रेकचं गणित तर त्याहून महत्त्वाचं आहे. स्पीड दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. चांगल्या कोरड्या डांबरावर, दोन्ही ब्रेक नीट दाबून, तीसला साधारण ७ मीटर लागतात आणि साठला २८. त्यात डोळ्याने बघून बोट दाबेपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे तीसला १५ मीटर आणि साठला ४५. सिंहगडाच्या रस्त्यावर पुढचे ४५ मीटर दिसतात अशा जागा किती आहेत सांगा. म्हणून तिथे मी साठला जातच नाही, कितीही रिकामा दिसू दे. आणि नुसता मागचा ब्रेक मारायची सवय असेल तर ती सोडा, ब्रेक लागताच वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं, थांबवायचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. फक्त तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, आणि बूड मागे सरकवून. वळणात शिरताना ब्रेक सुटलेला पाहिजे.

हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर. हे अनेक जणी टाळतात कारण वाकल्यावर भीती वाटते, पण खालून ब्रेकच्या लिव्हरवर बोट धरलं की जोर जास्त मिळतो, वजन खाली येतं आणि खड्ड्यात हात सटकत नाही. वळणात आतलं पायडल वर, बाहेरचं खाली आणि त्यावर वजन, नाहीतर आतलं पायडल रस्त्याला लागतं. नजर वळण जिथे संपतं तिथे. १५ मीटर त्रिज्येच्या हेअरपिनला स्वच्छ कोरड्या रस्त्यावर तीसने जाता येतं, पण बारीक खडी असेल तर पकड निम्मी धरा, मग वीसच्या जेमतेम वर. आणि आपल्याकडे खडी असतेच.

घाटाघाटाची तऱ्हा वेगळी. सिंहगडावर पावसाळ्यानंतर वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली माती आणि कच महिनाभर तरी पडलेली असते, वर माकडं, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, म्हणून वीकेंडला सूर्य उगवायच्या आत खाली यायचं. बोपदेवचा कोंढव्याकडचा उतार तीव्र आहे आणि खाली थेट शहराच्या ट्रॅफिकमध्ये सोडतो. जुन्या कात्रजला बोगदा अगदी माथ्यावर, अंधारातून एकदम उन्हात येता आणि लगेच उतार लागतो, डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, तिथे काळा गॉगल नको, पारदर्शक काच घाला. पसरणीला एसटी वळण घेताना पूर्ण रस्ता घेते, तिला तो लागतोच, तेव्हा आंधळ्या वळणावर पिवळ्या पट्टीच्या आसपास फिरकू नका, आपल्या लेनच्या मधोमध राहा, अगदी कडेलाही नको कारण कडेचं डांबर तुटलेलं असतं. आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत वाई-सातारा बाजूला उसाच्या ट्रॉल्या, मागे लाइट नाही, रस्त्यावर ऊस पडलेला, पहाटेच्या अंधारात पन्नासला त्यावर चाक गेलं तर सावरता येत नाही.

हँडल थरथरायला लागलं तर काय, हे दोघींनी विचारलं होतं. पन्नास-साठला कधी कधी पुढचं चाक डावी-उजवीकडे झपाझप हलायला लागतं, विशेषतः थंडीत अंग कुडकुडत असताना. घट्ट धरलं तर वाढतं. पकड सैल करा, दोन्ही गुडघे किंवा एक गुडघा वरच्या नळीला टेकवा, बूड सीटवरून किंचित उचला आणि हळूहळू ब्रेक. म्हणूनच डिसेंबरमध्ये गडावरून उतरताना विंडचीटर घालतेच, फॅशन नाही ती, अंग गरम राहिलं तर हात शांत राहतात.

वरच्या नळीवर बसून छाती हँडलवर टेकवायची ती स्टाइल काही जण टीव्हीवर बघून करतात. कृपा करून नका करू. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून ती प्रोफेशनल शर्यतींमध्येच बंद केली आहे, बंद रस्त्यावर उतरणाऱ्या लोकांना. १९९५ च्या टूर दी फ्रान्समध्ये फाबियो कासार्तेली हा ऑलिंपिक विजेता पोर्ते दास्पे घाट उतरताना पडून दगावला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल, लोंबकळत नको.

डिस्क ब्रेकबद्दल मी खूश आहे. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर दाबणारा) चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या नुसतं पाणी पुसतो, डिस्क जवळपास लगेच पकडतो. पण पावसाळ्यात चिखलाने पॅड भराभर झिजतात, माझे पुढचे पॅड गणपतीच्या आतच बदलावे लागले. नवीन पॅड टाकले की लगेच घाटात जाऊ नका, सपाट रस्त्यावर वीस-पंचवीसवरून जवळपास थांबेपर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक मारून बसवून घ्या. चेनला तेल लावताना फवाऱ्याचा डबा वापरू नका, रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) एक थेंब उडाला तरी पॅड गेले. रिम ब्रेकवाल्यांनी लांब उतारावर ब्रेक धरून ठेवू नये, दाबा-सोडा करा, रिम तापून ट्यूब फुटू शकते. हवा मी २८ च्या टायरला ७० पीएसआयच्या आसपास ठेवते, पावसात अजून पाच कमी.

पैशाचं विचाराल तर एकाच महिन्यात सगळं घेता येणार नसेल तर आधी टायर आणि पॅड, मग कॅसेट, मग सेन्सर. सेन्सर नसेल तरी एक पाय पंधरा सेकंद मोजून चारने गुणा, काम भागतं.

आणि रविवारच्या राइडला येणाऱ्यांसाठी: चढताना चाकाला चाक लावून चालेल, उतरताना दोघांत निदान चार-पाच सेकंदांचं अंतर, कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही, जिला हळू यायचंय तिने आरामात यावं, सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला पोह्यांच्या टपरीवर सगळे आल्याशिवाय कोणी पुढे निघत नाही.