ग्योंगजूमधली माझी वनरूम, आठ महिने राहून लिहितेय

आधीच सांगते, बिल्डिंगचं नाव देणार नाहीये, कारण घरमालकीण आजी चांगल्या आहेत आणि जे घोळ झाले त्यातले निम्मे माझेच. कोरियात एका खोलीच्या भाड्याच्या घराला सगळे वनरूमच म्हणतात. माझी सॉकजांग-दोंगमधे (दोंग म्हणजे शहरातली वस्ती), डोंगगुक युनिव्हर्सिटीजवळ, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डिपॉझिट 20 लाख वॉन, भाडं महिन्याला 3 लाख, म्हणजे आपले 18-19 हजार रुपये. फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी, इंडक्शन सगळं आतच, इंटरनेट पण भाड्यातच. हे इंटरनेटचं नक्की विचारून घ्या, कारण परदेशी माणसाचं नोंदणी कार्ड हातात येईपर्यंत स्वतःच्या नावावर कनेक्शन काय, फोनचा प्लॅन घेतानासुद्धा नाकीनऊ येतात.

मी मूळची पैठणची, त्यामुळे जुन्या राजधानीचं गाव मला नवीन नाही, आमच्याकडेही कुठं खणलं की खापरं निघतात. पण इथं सिल्ला राज्याची गादी जवळजवळ 1000 वर्षं होती आणि राजांच्या समाध्या म्हणजे गवताच्या मोठ्ठ्या टेकड्या, गावाच्या मधोमध, एकट्या दॅरुंगवॉन या समाध्यांच्या बागेतच 23, आणि भिंतीपलीकडे लगेच कॅफे आणि पार्किंग. पहिल्या आठवड्यात मला वाटलं गोल्फ कोर्स आहे, हसू नका. जुन्या भागात उंच बांधू देत नाहीत त्यामुळे सायकलवरून जाताना आभाळ दिसतं, हा या शहराचा भाड्यात न धरलेला फायदा.

आता खोलीबद्दल. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ओंदोल, जमिनीखालून गरम पाणी फिरतं आणि फरशी तापते, डिसेंबरमधे कॉलेजातून येऊन मी सरळ जमिनीवर पालथी पडायचे. सगळ्यात वाईट गोष्ट पण तीच. भिंतीवर बॉयलरचं पॅनल आहे, सगळी बटणं कोरियनमधे, मी अंदाजानं एक दाबलं आणि 60 वर ठेवलं, म्हटलं 60 टक्के असेल. तर ते खोलीचं तापमान नाही आणि टक्के तर नाहीच, ते पाईपमधल्या पाण्याचं तापमान! जानेवारीचं गॅसबिल 1,40,000 वॉन आलं. आजींना दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला, अगदी आपल्याकडे मारतात तसाच, आणि पॅनलवर मार्करनं एक बाण काढून दिला. तो बाण अजून आहे, मी त्याच्या बाहेर जात नाही.

दाराला डिजिटल लॉक आहे, किल्लीची भानगड नाही. पण बॅटरी संपत आली की ते आठवडाभर एक धून वाजवतं आणि मला वाटायचं ते मला वेलकम करतंय. मग एका रात्री साडेअकराला दार उघडेचना. खालच्या मजल्यावरच्या उझबेक मुलीनं सांगितलं की लॉकच्या बाहेरच्या बाजूला खाली दोन बारीक टोकं असतात, तिथं 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची आणि मग कोड टाकायचा. पळत पळत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली, टेकवली, उघडलं. तेव्हापासून ती बॅटरी माझ्या बॅगेत असते.

स्वयंपाकाला मात्र अर्धाच मार्क. आईनं सुटकेसमधे कोंबलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, दोन किलो वजन उगाच वाहिलं. शेवटी ब्युटेनच्या डब्यावर चालणारा छोटा बर्नर घेतला, खिडकी सताड उघडी ठेवून त्यावर पोळ्या करते. मसाल्यांसाठी नदी ओलांडून सॉंगगॉन-दोंगला जायचं, तिथं मध्य आशियातून परत आलेले कोरियन वंशाचे लोक खूप राहतात, दुकानांवर रशियन पाट्या, आणि जिरं, धने, चणे सगळं मिळतं. कोथिंबीर पण! ग्योंगजूत रशियन पाटी वाचून जिरं घेणं हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. गोड खायची लहर आली तर ह्वांगनाम-प्पांग म्हणजे इथला सारण भरलेला छोटा गोड बन घ्या, आतलं लाल चवळीसारख्या दाण्यांचं सारण म्हणजे वेलची नसलेलं पुरणच.

कचऱ्याचं वेगळं प्रकरण आहे. महापालिकेच्या विकतच्या पिशव्यांमधेच टाकायचा, आणि पिशव्या त्या-त्या शहराच्या असतात, बुसानहून आणलेली इथं चालत नाही. कांद्याची सालं आणि अंड्याची टरफलं ओल्या कचऱ्यात टाकायची नाहीत, ती सुक्या पिशवीत, कारण जनावरांना खाऊ घालता येत नाही ते ओलं नाही असा हिशोब. माझी पिशवी दोनदा चिठ्ठी लावून तशीच ठेवलेली सापडली.

अजून एक, खोली बघताना बिल्डिंग नुसत्या खांबांवर उभी आहे का ते बघा. 2016 ला इथं 5.8 चा भूकंप झालाय आणि पुढच्या वर्षी शेजारच्या पोहांगमधे खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगांचे खांब फुटले होते. माझ्या खाली भिंती आहेत, बघूनच घेतली.

आजी जिन्यात भेटल्या की नाव घेत नाहीत, "हाक्सेंग" म्हणतात म्हणजे विद्यार्थी, आणि लगेच जेवलीस का विचारतात. नाही म्हणालात तर किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा डबा येतो, त्यात माशाचा सॉस असतो. शाकाहारी असाल तर हो म्हणा.

पाचपैकी साडेतीन. ऑगस्टमधे सोडतेय, कुणी या बाजूला येणार असेल तर कळवा, बर्नर, गादी आणि 9 व्होल्टची बॅटरी फुकट देईन. कुकर पण न्या.