गार्गानॅकल: आठ महिने खेळवल्यानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत माझ्या टीममधले पाच पोकेमॉन सतत बदलत राहिले. सहावा एकदाही हलला नाही. रात्री जेवणं आटोपली की पोकेमॉन शोडाउन या लढायांच्या वेबसाइटवर नवव्या पिढीचं ओयू सिंगल्स (एकास एक लढायांचा प्रमुख गट) खेळायला बसतो, आणि टीममध्ये पहिलं नाव टाकतो ते गार्गानॅकलचं. हा अनुभव लिहितोय कारण सुरुवातीचे दोन-तीन महिने मी त्याला साफ चुकीचा वापरला, आणि तीच चूक करणारे लोक लॅडरवर (क्रमवारीच्या मॅचेसमध्ये) मला आजही रोज भेटतात.

ज्यांनी स्कार्लेट-व्हायोलेट खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरात आलेल्या या गेममधला हा मिठाच्या ठोकळ्यांनी बनलेला राकट रॉक टाइप. बेस (मूळ) एचपी, म्हणजे जीव, 100, डिफेन्स 130, स्पेशल डिफेन्स 90, वेग जेमतेम 35. पोकेडेक्समध्ये लिहिलंय की तो बोटं चोळून जखमी पोकेमॉनवर मीठ भुरभुरवतो आणि मोठ्या जखमाही भरून येतात. लढाईत मात्र याच्या अगदी उलट घडतं. त्याची खास मूव्ह सॉल्ट क्युअर म्हणजे शब्दशः जखमेवर मीठ चोळणं. मूव्हची स्वतःची ताकद फक्त 40, पण एकदा मीठ लागलं की समोरच्याच्या एकूण एचपीचा आठवा भाग दर टर्नला जातो. तो पाणी किंवा स्टील टाइपचा असेल तर चौथा भाग. मैदान सोडेपर्यंत सुटका नाही.

त्याची अबिलिटी (अंगभूत गुण) प्युरिफाइंग सॉल्ट, आणि मी त्याच्याकडे वळलो ते हिच्यामुळेच. स्पोअरने झोपत नाही, विल-ओ-विस्पने भाजत नाही, टॉक्सिक लागत नाही. वर घोस्ट टाइपच्या मूव्हचा मार निम्मा. भिंतीसारख्या पोकेमॉनला पाडायचे नेहमीचे सगळे चोरदरवाजे एका फटक्यात बंद होतात.

इथेच मी फसलो. भिंत आहे म्हटल्यावर भिंतीसारखाच खेळवायचा, असं डोक्यात बसलं. सॉल्ट क्युअर, रिकव्हर (स्वतःचा एचपी भरून काढणारी मूव्ह), आयर्न डिफेन्स (डिफेन्स वाढवणारी) आणि बॉडी प्रेस असा चार मूव्हचा सेट लावायचो, दोनदा आयर्न डिफेन्स मारायचो आणि आता कोण हलवतो बघू म्हणून बसायचो. समोरचा शांतपणे स्पेशल अटॅकर आणायचा. डिफेन्स कितीही वाढवा, स्पेशल मारापुढे तो शून्य. नाहीतर स्टील-घोस्ट टाइपचा गोल्डेंगो यायचा, ट्रिक मारून वस्तूंची अदलाबदल करायचा, एकाच मूव्हला बांधणारा चॉइस स्कार्फ गळ्यात अडकवायचा, आणि माझा गार्गानॅकल उरलेली मॅच एकच मूव्ह घोकत बसायचा.

दुसरी खोड रिकव्हरची. एचपी साठ टक्क्यांवर आला की माझा हात आपोआप रिकव्हरवर जायचा. नवव्या पिढीत रिकव्हरचा पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) 10 वरून 5 केलाय, म्हणजे पूर्ण वाढवला तरी 8 च. आधी तो 16 पर्यंत जायचा. घाबरून मारलेला प्रत्येक रिकव्हर समोरच्याला एक फुकटचा टर्न देतो आणि आपल्या आठातला एक कमी करतो.

डोळे उघडले ते कॉर्विनाइटविरुद्धच्या एका मॅचमध्ये. ती मी नंतर रिप्लेमध्ये कागद-पेन घेऊन टर्न-टर्न पाहिली. कॉर्विनाइट फ्लाइंग-स्टील, एचपीत ईव्हींची (वाटून द्यायच्या गुणांची) पूर्ण गुंतवणूक केली की एचपी बरोबर 400. तो आत आला तेवढ्यात माझा सॉल्ट क्युअर बसला, साधारण 35 गेले, टर्नच्या शेवटी मिठाने 100 घेतले. उरले 265. पुढच्या टर्नला त्याने रूस्ट (त्याची एचपी भरणारी मूव्ह) मारला, पुन्हा 400 झाला. माझा दुसरा सॉल्ट क्युअर, मग परत मिठाचे 100, आणि तो 280 च्या घरात. पुन्हा रूस्ट. पुन्हा तेच. तो मरत नव्हता हे खरं, पण त्याला दुसरं काहीही करता येत नव्हतं. ना डिफॉग, ना बॉडी प्रेस. आणि त्याचे रूस्ट आठ, माझे सॉल्ट क्युअर चोवीस.

त्या दिवशी हा पोकेमॉन मला खऱ्या अर्थाने कळला. मीठ मारण्यासाठी नाही, समोरच्याला उठवण्यासाठी आहे. त्याला कधीतरी बाहेर जावंच लागतं, आणि तो बाहेर जाईल तेव्हा जमिनीवर आपले दगड, म्हणजे स्टेल्थ रॉक, पडलेले असले पाहिजेत. स्टेल्थ रॉक नसेल तर सॉल्ट क्युअरचं अर्धं मोल वाया जातं. आत येणारा प्रत्येक जण दगडांवर एचपी सोडतो, मग त्याला मीठ लागतं, मग तो जातो, पुढचा येतो. मॅच तिथे जिंकली जाते.

आणखी एक गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते. गार्गानॅकल स्वतः बाहेर गेला तरी समोरच्याचं मीठ तसंच राहतं. म्हणून एकदा मीठ लागलं की त्याच्यासमोर बसून राहायची गरज नाही. माझ्या टीममध्ये आता गोल्डेंगो असतो. कॉर्विनाइटला मीठ लागलंय आणि तो आता दगड झाडायला डिफॉग मारणार असं वाटलं की मी गोल्डेंगो आणतो. त्याच्या गुड ॲज गोल्ड अबिलिटीमुळे डिफॉग फसतो, टर्नच्या शेवटी मिठाचे 100 जातातच, आणि आता त्याच्यासमोर शॅडो बॉल घेऊन कोणीतरी उभा असतो. त्याला जावं लागतं. जो आत येतो तो दगडांवरून येतो. दगड उडवायला रॅपिड स्पिन करणाऱ्यांविरुद्धही गोल्डेंगोचा घोस्ट टाइप कामाला येतो. या जोडीने मला जेवढे विजय दिले तेवढे बाकी कुठल्याच दोघांनी दिले नाहीत.

सध्याचा सेट असा. सॉल्ट क्युअर, रिकव्हर, स्टेल्थ रॉक, प्रोटेक्ट. हातात लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा एचपी देणारी वस्तू). नेचर केअरफुल (स्पेशल डिफेन्स वाढवणारा), ईव्ही एचपीत 252, स्पेशल डिफेन्समध्ये 244 आणि वेगात 12. याने एचपी 404 होतो, डिफेन्स 296 आणि स्पेशल डिफेन्स 304, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. वेगातले 12 वाया गेलेत असं वाटेल, पण पाणी टाइपच्या डोन्डोझोचा बेस वेगही 35 च आहे. त्याने वेगात काही घातलं नसेल तर तो 106 वर थांबतो, मी 109 वर. त्याचा फटका बसण्याआधी माझा रिकव्हर पडतो, आणि दर टर्नला त्याच्या 504 मधले 126 मीठ खातं. प्रोटेक्टचा टर्न तर निव्वळ फायद्याचा. समोरचा मीठ खातो, मी लेफ्टओव्हर्सचे 25 घेतो, आणि त्याचा इरादा कळतो तो वेगळाच.

टेरासाठी (लढाईत एकदा टाइप बदलण्याची सोय) बरंच करून पाहिलं. फेअरी, घोस्ट, ड्रॅगन. शेवटी पाण्यावर स्थिरावलो, मुख्यतः समोरच्या गोल्डेंगोसाठी. त्याची स्टील मूव्ह मेक इट रेन रॉक टाइपवर दुप्पट बसते. काहीही न वाढवता मारली तरी ती माझ्या 404 पैकी तीनशेच्या वर घेतो, एखाद्या वेळी जेमतेम जीव राहतो. टेरा पाण्याने तोच मार एक चतुर्थांश होतो, शॅडो बॉल अबिलिटीमुळे आधीच निम्मा, आणि स्टील असल्यामुळे मीठ त्याचा चौथा हिस्सा खातं. ट्रिकची भीती मात्र राहते. ओगरपॉनच्या पाणीवाल्या मुखवट्याने फार त्रास होत असेल तर ड्रॅगन घ्या, गवत आणि पाणी दोन्ही निम्मं होतं. ती स्वतः गवत-पाणी असल्यामुळे तिलाही चौथा हिस्सा जातो.

आता जिथे तो चालतच नाही ते स्पष्ट सांगतो. मॅजिक गार्ड अबिलिटीवाल्या क्लेफेबलला मिठाने काहीही होत नाही. कोव्हर्ट क्लोक ही वस्तू असलेल्याला मीठ लागतच नाही. सबस्टिट्यूटच्या (मार झेलणाऱ्या बाहुलीच्या) मागे बसलेल्या ग्लायस्कॉरसमोर तर उभंच राहू नका, तो आडोशाला बसून अर्थक्वेक मारत राहतो. टॉन्ट (थेट मार न देणाऱ्या मूव्ह रोखणारी मूव्ह) बसला की रिकव्हर आणि प्रोटेक्ट दोन्ही बंद. आणि ग्रेट टस्क आत येताना दिसला की मोह आवरून गार्गानॅकल बाहेर काढा. जमीन आणि फायटिंग दोन्ही त्याच्या हातात आहेत, आणि आपला सॉल्ट क्युअर त्याच्यावर पाव ताकदीने बसतो. मीठ लागतं हे खरं, पण त्या एका मिठासाठी अर्ध्याहून जास्त एचपी देणं परवडत नाही. या पाचांपैकी निदान तिघांना उत्तर बाकीच्या टीममध्ये असलं पाहिजे. माझ्याकडे ग्रेट टस्कसाठी एक वेगवान फेअरी आणि क्लेफेबलसाठी गोल्डेंगोच असतो.

झटपट मॅच संपवायला आवडणाऱ्यांना मी हा पोकेमॉन सुचवणार नाही. माझ्या कितीतरी मॅचेस पन्नास टर्नच्या पुढे जातात, आणि त्यात दोन्हीकडचा पीपी मोजत बसावं लागतं. मी अजूनही शेजारी वही ठेवतो. एका बाजूला माझे रिकव्हर, दुसऱ्या बाजूला त्याचे रूस्ट किंवा रिकव्हर, प्रत्येक वापराला एक रेघ. काल रात्री टॉक्सापेक्सविरुद्ध ती वही भरली. शेवटी माझ्याकडे दोन रिकव्हर उरले होते, त्याच्याकडे एकही नव्हता.