भुसावळचं जुन्या फर्निचरचं दुकान : माल झकास, चिठ्ठ्या वाचू नका

5 पैकी 4 स्टार. एक कापला तो मालावर लावलेल्या नाव-किमतीच्या चिठ्ठ्यांमुळे, मालात खोट नाही. रेल्वेच्या लिलावातला, पाडलेल्या वाड्यांतला, बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसातला असा सगळा माल इथे येतो, सागवान खरा आणि जुना, आणि मागच्या शेडमधला मिस्त्री तर एक नंबर, मेलामाईनचं चकचकीत कोटिंग फासत नाही, हाताने लाखेचं स्पिरिट पॉलिश करतो.

आता चिठ्ठ्या. दारातच तिरक्या पायांची वेताची खुर्ची, वर लिहिलंय 'चंदीगड, पिएर जानरे, 1955' आणि किंमत 45 हजार. हा जानरे म्हणजे चंदीगडचा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, चंदीगड उभं राहत होतं तेव्हा 1951 पासून तिथेच होता, ऑफिसं कोर्ट कॉलेज सगळ्यांसाठी फर्निचर डिझाइन केलं त्याने. पण ते बनवलं वेगवेगळ्या वर्कशॉपांनी, त्यामुळे एकाच डिझाइनच्या दोन खुर्च्यांची मापंसुद्धा थोडी इकडेतिकडे निघतात आणि सही वगैरे काही नसते. सापडला तर रंगाने मारलेला खात्याचा नंबर सापडतो, तो खुर्ची कुठल्या ऑफिसात होती ते सांगतो, कोणी बनवली ते नाही, आणि नंबर काय, डबाभर रंग असला की कोणीही मारेल. ह्याच खुर्च्या आधी सरकारने भंगारात काढल्या, मग पॅरिस न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे भाव गगनाला भिडले, 2011 मध्ये केंद्राने त्या देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. एवढा भाव आला म्हटल्यावर नकली निघणारच ना.

मी खुर्ची उलटी केली. सगळे स्क्रू प्लसच्या खाचेचे, म्हणजे नव्या पद्धतीचे. वेत कोरा, तो बदलता येतो म्हणून सोडून देऊ, पण सीटखालचं लाकूड वरच्याइतकंच चकचकीत? सत्तर वर्षांच्या खुर्चीच्या पोटात धूळ, जुन्या खिळ्यांची भोकं, पॉलिशचे ओघळ काहीतरी पाहिजे की नाही. दुकानवाल्या काकांना विचारलं तर म्हणे, "माले काय माहीत भाऊ, देनारानी सांगं तेच लिखं." माणूस खोटारडा नाहीये, पण मग चिठ्ठीवर तसं लिहा ना की ऐकीव आहे.

शोकेसला 'डॅनिश' लावलंय. का, तर पाय निमुळते आहेत. तिकडच्या चांगल्या कारखान्यांच्या मालाला बऱ्याचदा खाली डागलेला शिक्का किंवा छोटी धातूची चकती असते, इथे काहीच नाही आणि मागची फळी साधी प्लायची. एका कपाटाला 'गोदरेज', कारण कुलूप गोदरेजचं! कुलूप काय, कोणीही बाजारातून आणून बसवतं.

ह्याउलट कोपऱ्यात पडलेला बाक बघा, पाठीच्या पट्टीवर जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, कोरलेलं. ती रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत गेली, म्हणजे बाक त्याच्या आधीचा. सांधे लाकडात लाकूड घुसवून, वर लाकडी खुंटी. बनवणाऱ्याचं नाव ह्यावरही नाही, शिक्का मालकाचा आहे, पण भुसावळात ह्याच्यावर शंका घ्यायला फारसं कारण नाही. फक्त 6 हजार. आणि चिठ्ठीच नाही.

कारखान्याचं नाव खरोखर मिळालं ते एका मोडक्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर. ह्या खुर्च्या वाफेवर लाकूड नरम करून वाकवतात, थोनेट ह्या युरोपातल्या फर्निचर कंपनीने 1859 मध्ये हे 14 नंबरचं मॉडेल काढलं, दहा वर्षांत पेटंट संपलं आणि मग 'कोन' (Kohn) वगैरे कंपन्यांनी पण तशाच बनवल्या, म्हणून नुसत्या आकारावरून कळत नाही. सीटच्या कड्याच्या आतून मोबाईलची टॉर्च मारली, अर्धं फाटलेलं कागदी लेबल, 'थोनेट' वाचता येतंय. 1200 सांगितले, हजारात दिली. शोधायला जाऊ नका, आता ती माझ्याकडे आहे 😄

जाताना टॉर्च आणि टेप न्या, खुर्ची उलटी करू देतात, कुरकुर करत नाहीत. जे आवडेल ते लाकडाच्या भावाने मागा, नावाचे पैसे देऊ नका, काका खाली येतात. बिल मागितलं तर मिळतं पण त्यावर नुसतं 'जुनी खुर्ची 1 नग' लिहितात, चंदीगड बिंदीगड काही नाही. जळगावला न्यायचं असेल तर टेम्पो त्यांच्याच ओळखीचा घेऊ नका, बाहेर स्वस्त मिळतो.