यूथ प्रोग्रॅम क्वालिटी असेसमेंट: आतल्यांना आणि बाहेरच्यांना एकच फॉर्म

युवा उपक्रमांचा दर्जा तपासायचं अमेरिकेतल्या डेव्हिड पी. वायकार्ट सेंटरचं हे साधन आम्हाला मनापासून आवडतं, कारण ते उपक्रमाच्या टीमलाही वापरता येतं आणि बाहेरच्या मूल्यमापकालाही. मोजपट्टी एकच असेल, तरच दोघांचे गुण शेजारी ठेवण्यात अर्थ आहे.

फॉर्म 'ए' प्रत्यक्ष सत्र बघून भरायचा. त्यात चार विभाग आहेत: सुरक्षित वातावरण, आधार देणारं वातावरण, परस्परसंवाद आणि सहभाग. फॉर्म 'बी' संस्थेच्या धोरणांविषयी असून तो मुलाखतीतून भरतात. गुण 1, 3 किंवा 5 एवढेच. बऱ्याच मुद्द्यांत त्यांचा अर्थ साधारण असा, की संधी कुणालाच नाही, काहींना किंवा सगळ्यांना मिळाली.

सत्र चालू असताना फक्त नोंदी घ्यायच्या, गुण नंतर. 'मुलांना छान बोलतं केलं' ही नोंद कुचकामी. '"हे कसं ठरवलंत?" असं विचारलं, 5 पैकी 3 गटांनी उत्तर दिलं' ही नोंद चालते, तिच्यावरून 3 गुण सरळ देता येतात. टीममधल्यांनी वेगवेगळी सत्रं बघावीत आणि मग एकत्र बसून, नोंदी मोठ्याने वाचून, एकमताने गुण ठरवावेत.

घोळ होतो तो दोन्हीकडून. कार्यकर्त्याला सत्रामागचा हेतू ठाऊक असतो, त्यामुळे न घडलेलंही तो घडलं म्हणून धरतो आणि गुण फुगतात. बाहेरचा माणूस एकदाच येतो. मुलांनी केलेल्या कामाचा आढावा आठवड्याच्या शेवटी होत असेल, तर तो त्याला दिसतच नाही आणि 1 पडतो. म्हणून त्याच्या निदान दोन भेटी ठेवा, सत्राच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सरासरी मात्र काढू नका! टीमचे 5, बाहेरच्याचे 3, सरासरी 4. आणि 4 म्हणजे काय, हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नाही. दोन्ही आकडे तसेच ठेवा आणि फरक पडलेल्या मुद्द्यांच्या नोंदी समोरासमोर वाचा. सुधारणेचे खरे मुद्दे तिथेच हाती लागतात.

या गुणांवर अनुदान ठरवू नये. तसं केलं की टीम 5 च देत सुटते. मुलांमध्ये काय बदल झाला, हेही हा फॉर्म मोजत नाही. त्यासाठी वेगळं साधन लागेल. आणि टीमचे गुण पक्के होईपर्यंत बाहेरच्याचे आकडे टीमला दाखवू नका.