एक्सवर राहायचं की मास्टोडॉनवर जायचं?

नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटरवरचं (म्हणजे आताच्या एक्सवरचं) खातं बंद झालं आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी मास्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमावर बिऱ्हाड हलवलं. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर जगभरातून कितीतरी मोठी रीघ लागली.

एक्सचा मालक एक, नियम त्याचे. तुमच्यापुढे काय येणार हे बरंचसं अल्गोरिदम ठरवतो. मास्टोडॉन म्हणजे हजारो स्वतंत्र सर्व्हर. ॲक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीमुळे ते एकमेकांशी बोलतात, जशी जीमेलवरून याहूला मेल जाते. मजकूर वेळेच्या क्रमाने दिसतो. सर्व्हरचालकाशी पटलं नाही तर दुसरीकडे जाता येतं. फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. हे मला खटकतं. शिवाय चालक कंटाळला, की सर्व्हरच बंद!

ताज्या बातम्या, क्रिकेटचा सामना चालू असतानाचा कल्ला हवा असेल तर एक्सच. मास्टोडॉनवर मराठीत लिहिताना सुरुवातीला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तरी निवांत गप्पांसाठी मी तिकडेच जाईन. एक्सच्या फुकट खात्यात २८० अक्षरांत गुंडाळावं लागतं, मास्टोडॉनवर सहसा ५०० मिळतात.