चीनमधलं मधल्या दराचं बिझनेस हॉटेल: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

इतवारी-गांधीबागेतले व्यापारी आणि बुटीबोरी-हिंगण्यातले कारखानदार चीनला जातात ते बहुतेक ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी मेळ्याला, नाहीतर यिवूच्या घाऊक बाजारात. मुक्काम असतो साखळी हॉटेलात: जी, अटूर, व्हिएन्ना या वर्गातल्या. भाडं एरवी रात्रीला 250 ते 450 युआन. युआनला 12-13 रुपये धरले तर 3,000 ते 5,800 रुपये. या पैशात खोली उत्तम मिळते, हे आधीच सांगून टाकतो. स्वच्छ चादरी, जोरात येणारं गरम पाणी, चांगला एसी. बऱ्याच ठिकाणी कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीनही फुकट वापरता येतं. अडचण येते ती काउंटरवर, पैसे भरताना आणि नाश्त्याला. आणि या तिन्हींची तयारी नागपुरातूनच करून निघावं लागतं.

बुकिंगपासून बघू. कँटन फेअर दरवर्षी 15 एप्रिल आणि 15 ऑक्टोबरला सुरू होतो, तीन टप्प्यांत. यंत्रसामग्री पहिल्या टप्प्यात असते. त्या दिवसांत मेळा भरतो त्या पाझोऊ भागातले दर दुपटीवर जातात, म्हणून मेट्रोच्या 8 क्रमांकाच्या मार्गावर चार-पाच स्टेशनं अलीकडे खोली घ्या. दोन भागीदार एकत्र राहणार असतील तर दोन पलंगांची खोली निवडा, नाहीतर 1.8 मीटरचा एकच पलंग मिळतो. नाश्ता एकाचा की दोघांचा धरलाय, तेही बुकिंग करतानाच बघून घ्या. एकाच साखळीच्या एका शहरात अनेक शाखा असतात आणि नावं सारखीच. इंग्रजी नाव दाखवलं तर टॅक्सीवाला भलत्याच शाखेत सोडतो. चिनी लिपीतला पत्ता आणि हॉटेलचा फोन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

काउंटरवर प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो, लहान मुलांचासुद्धा. फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का बघून नोंद थेट पोलिसांच्या प्रणालीत जाते. हे कायद्याने हॉटेलचं काम आहे. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नावही असतं. बुकिंगमध्ये ते गाळलं की नोंद जुळत नाही आणि काउंटरवर थांबून राहावं लागतं. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव टाका. परदेशी पाहुण्याला 'परदेशी ठेवायचा परवाना नाही' असं सांगून नाकारू नका, असे आदेश चीन सरकारने 2024 मध्ये दिले. तरीही अगदी स्वस्त हॉटेलात कर्मचाऱ्याला परदेशी पासपोर्ट सिस्टिममध्ये भरता येत नाही, म्हणून तो हात वर करतो. रात्री अकराला त्याच्याशी नियमांवर वाद घालून काही मिळत नाही. 60-70 युआन वाचवण्यासाठी तसलं हॉटेल घेऊच नये, आणि घ्यायचंच तर आधी बुकिंगच्या ॲपवरून मेसेज करून होकार लेखी मिळवा. चेक-इन सहसा दुपारी 2 नंतर असतं. पहाटे पोहोचलात तर सामान मात्र ठेवून घेतात.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय विसरा. अलीपे आणि वीचॅट ही तिथली पैसे भरायची ॲप निघण्यापूर्वीच घ्या, पासपोर्टने ओळख पटवा, आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे घरी बसूनच उरकावं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे ना, तेही बघा. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळं शुल्क नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला 3 टक्के लागतं. डिपॉझिट सहसा 100 ते 300 युआन असतं. ते रोख द्यावं आणि पावती जपावी. खोली सोडताना रोख लगेच हातात मिळते, कार्डावर परत यायला दिवस लागतात.

खोलीत शिरल्यावर चावीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. वीज जवळपास आपल्यासारखीच, 220 व्होल्ट, पण सॉकेट वेगळं. वरच्या दोन भोकांत मोबाईलचा चार्जर बऱ्याचदा बसतो; खालची तीन भोकं चपट्या, तिरक्या पिनांसाठी असतात, त्यात लॅपटॉपची आपली तीन गोल पिनांची वायर जात नाही. ॲडॅप्टर न्याच. बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो. नळाचं पाणी पिऊ नये. किटलीत उकळून घ्यावं, किंवा रोज ठेवतात त्या बाटल्या वापराव्यात. शांघायमध्ये 2019 पासून टूथब्रश, कंगवा मागितल्याशिवाय देत नाहीत. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गुगल, जीमेल चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरतो. माल पाठवणाऱ्याशी आणि घरी बोलायचं असेल तर रोमिंग पॅक घ्याच.

शाकाहारी माणसाने नाश्त्याचं टेबल नीट वाचावं. गुळगुळीत पांढरा पाव असतो तो मान्तोउ, बिनसारणाचा; बिनधास्त खा. तसाच दिसणारा पण वर मोदकासारख्या चुण्या असलेला बाओझ असतो, त्यात बहुतेकदा डुकराच्या मांसाचं सारण. परतलेल्या हिरव्या भाजीवर विश्वास ठेवू नका: ती कधी चरबीत परततात, कधी कालवाचा सॉस घालतात, कधी खिमाही असतो. भाताची साधी पेज, उकडलेलं कणीस, रताळं, सोया दूध, फळं यांवर पोट भरतं. सोबत चिवडा, लसणाची चटणी आणि गरम पाण्यात होणारं उपम्याचं पाकीट असलं की रात्रीचीही सोय. संत्री मात्र पिशवीत टाकू नका. ताजी फळं, भाज्या आणि दुधाचे पदार्थ चीनमध्ये नेता येत नाहीत.

खोली सोडायची वेळ दुपारी 12. अर्धा तास आधी उतरा आणि फाप्याव, म्हणजे तिथलं कराचं अधिकृत बिल मागा. फर्मचं नाव टाईप करून दाखवा. बिल ईमेलवर येतं. बुकिंगच्या ॲपवर आधीच पैसे भरले असतील तर हे बिल सहसा हॉटेल देत नाही, ज्याने पैसे घेतले तो ॲपवाला देतो. अकाउंटंटला कागद हवा असेल तर बुकिंग करतानाच 'हॉटेलात पैसे भरा' हा पर्याय निवडा.